इंजिनबदल आणि इंधनाची वाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विलीज कंपनीने १९५३ साली आपल्या सी.जे.-३बी जीपमध्ये ‘हरिकेन’ इंजिन बसविले, तेव्हा ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच असल्यामुळे गाडीचे बॉनेटच वर उचलावे लागले; आणि पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत दीर्घकाळ बांधलेल्या ज्या जीपगाड्या घाटांत व शेतशिवारांत वावरल्या, त्यांचे उंच कपाळ ही त्या एका इंजिनबदलाचीच खूण होय. कारखाना इंजिन बदलतो तेव्हा भोवतालची सारी रचना नव्याने विचारात घेतो. खाजगी गॅरेजमध्ये त्याच जीपमधले पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढविताना फाउंडेशन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा बारकाईने विचार होतो. इंधनाच्या नळीची तजवीज मात्र सर्वांत शेवटी, हाताशी असेल त्या सामानाने उरकली जाते. वास्तविक इंधनमार्ग हा इंजिनाचाच अवयव आहे, आणि इंजिन बदलले की तोही नव्याने आखला पाहिजे, एवढे तत्त्व मान्य झाले तर पुढील गैरसमजांना फारसा थारा उरणार नाही.

गैरसमज १ : टाकीपासून इंजिनापर्यंत नळी आहेच, तीच पुरेल.

वस्तुस्थिती : मूळ रचनेत चालकाच्या आसनाखालील टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप कॅमशाफ्टवर चालतो, सुमारे ३ पीएसआय एवढ्या अल्प दाबाने ते कार्ब्युरेटरकडे पाठवितो, आणि फ्लोटची सुई बंद झाली की प्रवाह थांबतो, परत काहीच येत नाही. डिझेलचा व्यवहार निराळा. फीड पंप जाळण्यापुरत्या डिझेलाहून बरेच अधिक डिझेल पुढे पाठवितो, आणि रोटरी इंजेक्शन पंपाच्या अंतर्भागाला वंगण व थंडावा मिळतो तो त्या डिझेलानेच. हा अतिरिक्त पुरवठा आणि इंजेक्टरांचा ओव्हरफ्लो टाकीत नेणारी दुसरी नळी, म्हणजे रिटर्न लाइन, म्हणूनच अनिवार्य ठरते. ती वाचविण्यासाठी ओव्हरफ्लो ‘टी’ लावून सक्शनच्या नळीत सोडण्याचा प्रघात सदोष आहे, कारण तापलेले आणि बुडबुडे मिसळलेले डिझेल मग तेथल्या तेथेच फिरत राहते. रिटर्न टाकीतच उतरली पाहिजे, आणि तीही सक्शनच्या तोंडापासून दूर. डिझेलाऐवजी इंजेक्शनचे पेट्रोल इंजिन बसविले, तर दाब ३ बारच्या आसपास, म्हणजे मूळ दाबाच्या दहापटीहून अधिक होतो; तेथे जुनी नळी ठेवणे हा धोका पत्करणेच होय.

गैरसमज २ : कोठे थेंब गळत नाही, म्हणजे जोड निर्दोष आहेत.

वस्तुस्थिती : टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत, इंजिन चालू असता, बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे तेथल्या सैल जोडातून डिझेल बाहेर येत नाही, तर हवा आत शिरते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारल्याशिवाय सुरू होत नाही, सुरू होऊन क्षणात बंद पडते, आणि मिस्त्री ‘गाडीने एअर पकडली’ असे निदान करून एअर काढून देतो. परंतु ती कोठून शिरते याचा शोध लागेपर्यंत खरा इलाज झालेला नसतो. फिल्टरच्या अलीकडे डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडावा : इंजिन चालू असता त्यातून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली, तर दोष टाकीच्या बाजूस आहे. मग टाकीकडून सुरुवात करून एकेक जोड आणि बँजो बोल्टचे एकेक वॉशर तपासत यावे. फ्लेअर जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह टाळावा. तेथे धातू धातूवर बसूनच जोड घट्ट होतो, आणि टेपचे सुटलेले तंतू पुढच्या बारीक मार्गांत जाऊन अडकतात.

गैरसमज ३ : तांब्याची नळी गंजत नाही, म्हणून तीच उत्तम.

वस्तुस्थिती : तांबे सहज वाकते हे खरे, परंतु सततच्या कंपनाने ते कठीण होत जाते आणि अखेर जोडापाशीच तडकते. शिवाय तांब्याच्या संपर्काने डिझेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन चिकट गाळ साचतो. जस्ताचा मुलामा दिलेली नळीही डिझेलाला वर्ज्य. पोलादाची शिवणीविरहित नळी हाच योग्य पर्याय आहे.

गैरसमज ४ : रबरी नळी सगळी सारखीच.

वस्तुस्थिती : आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्याने जुन्या पद्धतीचे रबर फुगते, मऊ पडते, पुढे भेगाळते. नळीवरील छाप वाचावा : एसएई जे३० आर७ ही कमी दाबाची नळी, तर आर९ ही इंजेक्शनच्या दाबासाठी फ्लुओरोइलास्टोमरचे अस्तर दिलेली. धातूच्या नळीच्या टोकाला उंचवटा काढलेला असावा, आणि खाचा असलेल्या पट्टीची क्लिप रबर कापते म्हणून इंजेक्शनसाठी सलग पट्टीचा क्लॅम्प वापरावा.

गैरसमज ५ : सर्वांत जवळची वाट तीच सर्वांत चांगली.

वस्तुस्थिती : पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, आणि सक्शनच्या नळीतील कमी दाबामुळे ही क्रिया अधिकच सुलभ होते; मॅनिफोल्डजवळून नेलेल्या नळीत वाफ धरून गाडी चढावर बंद पडते, ती याच कारणाने. नव्या इंजिनाचा एक्झॉस्ट कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे आणि नळी विरुद्ध बाजूच्या चासीच्या आतील अंगाने न्यावी, म्हणजे दगडधोंड्यांपासूनही तिचे रक्षण होते. चासीच्या खालच्या कडेखाली ती कोठेही लोंबू नये. स्प्रिंग पूर्ण दबली असता अ‍ॅक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट कोठवर येतात हे प्रत्यक्ष मोजून घ्यावे. सुमारे हातभर अंतरावर रबर लावलेली क्लिप, पत्र्यातील प्रत्येक छिद्रात ग्रोमेट, आणि बॅटरीच्या वायरपासून स्पष्ट अंतर, हे नियम सांगायला किरकोळ असले तरी त्यांतील एकाची कसूरही पुरेशी घातक असते. इंजिन फाउंडेशनवर डोलते आणि चासी स्थिर असते. म्हणून या दोहोंच्या दरम्यान लवचीक नळीचा थोडा सैल तुकडा हवाच.

गैरसमज ६ : डिझेल पेट घेत नाही, म्हणून थोडी गळती चालेल.

वस्तुस्थिती : काडीने डिझेल सहज पेटत नाही, यावरून हा समज रूढ झाला. परंतु ठिणगीवाचून, केवळ उष्णतेने पेटण्यासाठी डिझेलला लागणारे तापमान पेट्रोलपेक्षा कमी असते, आणि घाट चढणाऱ्या इंजिनाचा मॅनिफोल्ड ते सहज ओलांडतो. त्यावर उडालेला बारीक फवारा गाडी जाळण्यास पुरेसा आहे. विद्युत पंप बसविला असेल, तर इंजिन थांबताच तोही बंद पडेल असा बंदोबस्त हवा. उलटलेल्या गाडीत चालू राहिलेला पंप आगीला इंधन पुरवीत राहतो.

इंजिन बदलण्याचा बेत कागदावरही नीट उतरला पाहिजे. नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत आणणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ प्रतिबंध करते. यास्तव जुने इंजिन उतरविण्यापूर्वीच परिवहन कार्यालयातून मंजुरीची विचारणा करावी. त्याच वेळी टाकी, फिल्टर, पंप, रिटर्न आणि एक्झॉस्ट यांचा साधा आराखडा काढून ठेवावा. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर तीच तपासणी पुन्हा करावी. आपल्या जुन्या जीपवर ज्यांचे खरे प्रेम आहे, त्यांनी तिला नवे बळ देताना तिच्यात बसणाऱ्या माणसांची जबाबदारीही त्याच हातांनी उचलली पाहिजे.