तिकीट कोणी काढायचं?

समजा, हळद व्यापाऱ्यांनी वसमतला मेळावा ठेवला आणि जिल्हाधिकाऱ्यांना बोलावलं. येण्याजाण्याचा खर्च कोणाचा? अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधील नियम ११ नुसार फुकटचा प्रवास आणि फुकटची राहण्या-जेवणाची सोय हीसुद्धा ‘भेट’च असते. जवळचे नातेवाईक आणि सरकारी कामाशी संबंध नसलेले मित्र तेवढे वगळले आहेत. प्रसंगाने झालेलं जेवण किंवा वाटेत गाडीत मिळालेली जागा मात्र भेट धरत नाहीत. म्हणजे हिंगोलीहून एखाद वेळी कोणाच्या जीपमधून जाणं खपेल; नांदेडहून विमानाचं तिकीट खपणार नाही. आणि दर आठवड्याला तीच जीप? वारंवार पाहुणचार टाळावा, असंही हाच नियम सांगतो.

परदेशात गाठ केंद्राशी. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ प्रमाणे तिथला पाहुणचार घेण्याआधी केंद्र सरकारची परवानगी हवी. अपवाद फक्त अचानक आलेल्या आजारपणातील मदतीचा.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा याहून कडक आहे. ज्याचं काम आपल्या टेबलावर आहे त्याच्याकडून जाणूनबुजून गैरलाभ घेतल्यास कलम ११ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद.

खरं तर सरकारी कामाच्या दौऱ्याला प्रवासभत्ता मिळतोच. आयोजकांनी निमंत्रण व्यक्तीच्या नावे न धाडता कार्यालयाला पाठवावं. कोण जाणार, ते कार्यालय ठरवेल. आयोजकांचं तिकीट वापरून वर भत्त्याचं बिलही लावणं, ही तर सरळ लबाडी.