विद्युत् हत्यारांचा पुनर्वापर, घरगुती सुतारकामातील

मूळ कामातून बाद झालेली किंवा वापरावाचून पडून राहिलेली विजेवरील हत्यारे व चलित्रे (मोटरी) दुरुस्त करून अथवा त्यांची रचना बदलून लाकूडकामातील दुसऱ्या कामासाठी वापरणे, यास विद्युत् हत्यारांचा पुनर्वापर म्हणतात. हातात धरण्याचे छिद्रक (ड्रिल), कोनी शाणयंत्र (अँगल ग्राइंडर), फरशी कापण्याचे यंत्र (मार्बल कटर) व बाकावर बसविण्याचे शाणयंत्र (बेंच ग्राइंडर) ही हत्यारे, तसेच धुलाई यंत्र, पाण्याचा पंप व घरगुती पिठाची चक्की यांची चलित्रे या कामी येतात. कोणत्याही हत्यारात वेग, फिरण्याची दिशा, संरक्षक आवरण आणि हात ठेवण्याची जागा यांचा मेळ एका ठराविक कामासाठी घातलेला असतो. काम बदलले की हा मेळ मोडतो. म्हणून यंत्र सुरू होते एवढ्यावरून ते नव्या कामास योग्य ठरत नाही.

पूर्वपीठिका : हातात धरून वापरावयाचे पहिले विद्युत् छिद्रक जर्मनीतील श्टुटगार्ट येथील फाइन कंपनीने १८९५ मध्ये तयार केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा खटका असलेल्या छिद्रकाचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीस १९१७ मध्ये मिळाले. कोनी शाणयंत्र त्यामानाने अलीकडचे असून ते १९५४ मध्ये जर्मनीत प्रचारात आले. जुन्या हत्यारांचे कवच बहुधा धातूचे असे. पुढे प्लॅस्टिकच्या कवचाची, दुहेरी निरोधन असलेली हत्यारे रूढ झाली. दुहेरी निरोधन एका चौकोनात दुसरा चौकोन या खुणेने दर्शवितात.

पूर्व विदर्भातील संदर्भ : भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर शहापूर हे गाव असून त्याच्या परिसरात जवाहरनगर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेली आयुध निर्माणी आहे. या भागात साग, बीजा, ऐन ही इमारती लाकडे परिचयाची असून सुतारास ‘वाढई’ म्हणतात. वाकस, रंधा, पटाशी, करवत, गिरमिट व सामता ही त्याची परंपरागत हत्यारे होत. शेतीच्या घरांत पंपाची चलित्रे व त्यांचे प्रारंभक (स्टार्टर) असतात आणि ती जुनी झाल्यावर लाकूडकामाकडे वळविण्याचा विचार साहजिकच होतो. मात्र शेतपंपाचे चलित्र पुष्कळदा त्रिकला (थ्री फेज) पुरवठ्यावर चालणारे असते. ते घरातील एककला पुरवठ्यास तसेच जोडल्यास सुरू होत नाही व तापून जळते. पाणबुडी पंपाचे चलित्र सभोवतालच्या पाण्याने थंड राहते, म्हणून ते कोरड्या जागी मुळीच चालवीत नाहीत.

वेग व परिघीय वेग : पुनर्वापराची पहिली कसोटी वेगाची असते. ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावरील चार ध्रुवी प्रवर्तन चलित्र दर मिनिटास सु. १,४४० फेरे करते, तर दोन ध्रुवी चलित्र सु. २,८८० फेरे करते. याउलट १०० मिमी. चकतीच्या कोनी शाणयंत्राचा भाररहित वेग दर मिनिटास सु. ११,००० फेरे असून फरशी कापण्याच्या यंत्राचा वेग याहूनही अधिक असू शकतो. चकतीच्या कडेचा वेग तिच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो. २०० मिमी. व्यासाची तबकडी १,४४० फेऱ्यांस सेकंदास सु. १५ मी. परिघीय वेग घेते. परंतु लाकूड कापण्याचे १८० मिमी. व्यासाचे पाते ११,००० फेऱ्यांच्या आसावर बसविल्यास हाच वेग सेकंदास १०० मी.हून अधिक होतो. अशा वेगास पात्याचे डाख लावून बसविलेले कठीण धातूचे दात निखळून गोळीसारखे उडू शकतात. पात्यावर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगाहून अधिक असलीच पाहिजे.

वेग बदलण्यासाठी कप्पी व पट्टा यांचा उपयोग करतात. १,४४० फेऱ्यांच्या चलित्रावर ७५ मिमी.ची आणि चालित दांड्यावर १५० मिमी.ची कप्पी बसविल्यास दांड्याचा वेग निम्मा, म्हणजे ७२० फेरे होतो. लाकडी कातयंत्रावर (लेथवर) ओबडधोबड, मोठ्या व्यासाचा तुकडा प्रथम अशाच कमी वेगाने कातणे इष्ट असते. कप्प्या व पट्टा यांवर जाळीचे आवरण असावे लागते.

योग्य व अयोग्य रूपांतरे : रूपांतर नेहमी अधिक धोक्याच्या कामाकडून कमी धोक्याच्या कामाकडे व्हावे, असा नियम सांगता येतो. चार ध्रुवी चलित्रावर पॉलिश कागदाची तबकडी किंवा धार लावण्याचे चाक बसविणे, तसेच कप्पीने वेग उतरवून लहान कातयंत्र चालविणे ही योग्य रूपांतरे होत. जुने छिद्रक उभ्या स्तंभावर बसवून त्याने काटकोनात छिद्रे पाडता येतात. मात्र त्याचे धारवे (बेअरिंगे) मुख्यतः आसाच्या दिशेने येणारा दाब सोसण्यासाठी असल्याने, त्याच्या जबड्यात लाकूड धरून कातणे किंवा करवतीची चकती लावणे हितावह नसते.

महाराष्ट्रात लहान सुतारकामांच्या ठिकाणी फरशी कापण्याचे यंत्र दातेरी पाते लावून प्लायवुडच्या फळीखाली उलटे बसवितात आणि त्याचा मेजकरवत म्हणून वापर करतात. हे रूपांतर सर्वांत धोक्याचे आहे. फरशी कापणाऱ्या हिऱ्याच्या चकतीस दात नसतात. ती पदार्थ झिजवते, त्यात रुतत नाही. दातेरी पाते मात्र लाकडात अडकताच लाकूड चालकाच्या अंगावर फेकते व त्याबरोबर हातही पात्याकडे ओढला जातो. मेजकरवतीत हे टाळण्यासाठी पात्यामागे चीर उघडी ठेवणारी दुभाजक पट्टी, पात्यावरील झाकण आणि पात्यास समांतर मार्गदर्शक पट्टी असते. उलट्या बसविलेल्या यंत्रात यांपैकी बहुधा काहीच नसते. शिवाय त्याचा खटका फळीखाली दाबलेल्या स्थितीत बांधून ठेवलेला असल्याने आणीबाणीत ते तत्काळ थांबविता येत नाही. कोनी शाणयंत्रावर लाकडाचे दातेरी पाते लावणे याच कारणांसाठी वर्ज्य मानतात.

शाणयंत्राच्या दांड्याच्या एका टोकास उजवे व दुसऱ्यास डावे आटे असतात. फिरण्याची दिशा अशी ठेवलेली असते की, नट आपोआप घट्ट होतो. चलित्राची दिशा उलटविल्यास नट सैल होऊन चाक निसटते. जुने शाण चाक बसविण्यापूर्वी ते अधांतरी धरून लाकडी मुठीने हलके ठोकतात. स्वच्छ नाद न येता बद्द आवाज आल्यास त्यात तडा असण्याचा संभव असतो व ते टाकून देतात. प्रथम चालविताना मिनिटभर चाकाच्या समोर न उभे राहता बाजूस उभे राहतात.

विद्युत् सुरक्षा : जुन्या चलित्राच्या गुंडाळ्यांचे निरोधन उष्णता, ओल व उंदीर यांमुळे खराब झालेले असते. ते ५०० व्होल्टच्या निरोधनमापकाने (मेगरने) तपासून घेतात. कडक झालेली किंवा जोड दिलेली तार दुरुस्त न करता बदलतात. धातूच्या कवचाचे प्रत्येक यंत्र तीन तारांनी जोडून भूसंपर्कित (अर्थिंग) करणे अनिवार्य असून, मंडलात ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारा खंडक (आरसीसीबी) असल्यास विजेच्या धक्क्यापासून मोठे संरक्षण मिळते. वितळतार (फ्यूज) यंत्र व तारा यांचे रक्षण करते. मनुष्याचे करीत नाही. एककला चलित्राचे धारित्र (कॅपॅसिटर) पुरवठा तोडल्यानंतरही भारित राहू शकते, म्हणून ते निर्भारित केल्याशिवाय हात लावीत नाहीत.

पुरवठा वरचेवर खंडित होणाऱ्या ग्रामीण भागात आणखी एक धोका संभवतो. साध्या खटक्यावरील यंत्र वीज जाताच थांबते. चालक पात्यातील तुकडा काढू लागतो आणि वीज येताच यंत्र पुन्हा सुरू होते. शेतपंपाच्या हिरव्या व तांबड्या बटनांच्या प्रारंभकात यावर उपाय आहे : वीज गेल्यावर त्यातील शून्यदाब वेटोळे स्पर्शक सोडून देते व हिरवे बटन दाबल्याखेरीज चलित्र फिरत नाही. चलित्राच्या क्षमतेस जुळणारा असा एककला प्रारंभक लाकूडकामाच्या यंत्रास बसविणे हा अल्प खर्चाचा, पण फार उपयुक्त उपाय होय. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारी ‘ऑटो’ जोडणी मात्र येथे कटाक्षाने टाळावी लागते.

लाकूड, धूळ व कायदा : जुनी दारे, खिडक्या व तुळया यांतील खिळे चुंबकाने शोधून काढल्याशिवाय ते लाकूड यंत्रावर घेत नाहीत. सागात सिलिका असल्याने पात्याची धार लवकर जाते. बोथट पाते अधिक जोर मागते व अपघाताचे कारण बनते. लाकडाची धूळ मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात नमूद केले आहे. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. म्हणून घासकाम मोकळ्या जागी, नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा लावून करतात. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, उपरणे, सैल बाह्या किंवा मोकळा पदर असू नये. ओंडके चिरणे हे आरागिरणीचे काम असून त्यास वन खात्याचा परवाना लागतो. विनापरवाना आरागिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर कडक निर्बंध आले. घरगुती यंत्राचा उपयोग तयार फळ्यांपुरताच मर्यादित ठेवणे योग्य होय.

पुनर्वापराने खर्च वाचतो व उत्तम बांधणीची जुनी चलित्रे भंगारात जात नाहीत. तथापि ज्या यंत्रास आवरण बसविता येत नाही, ज्याचा वेग उतरविता येत नाही किंवा जे हाताशी असलेल्या खटक्याने थांबविता येत नाही, ते कितीही सुस्थितीत असले तरी नव्या कामास घेऊ नये. अशा वेळी हातकरवत व रंधा हीच हत्यारे अधिक सुरक्षित ठरतात.