निवडणुकीचा खर्च कोणाच्या खिशातून?





यंदा शाळेत विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक घेतली. नववीतल्या एका मुलीचे नाव वर्गाने सुचवले, पण ती उभी राहिली नाही. बोलावून विचारले तेव्हा म्हणाली, "सर, समोरचा मुलगा सगळ्यांना पेन वाटतोय. पेनांसाठी मी बाबांकडे पैसे कसे मागू?"

पेन वाटणे मी त्याच दिवशी बंद केले. परंतु तिचा प्रश्न मनातून गेला नाही. आपल्या गावांतही कितीतरी चांगली माणसे याच कारणाने घरी बसतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. राज्यशास्त्राच्या पुस्तकात मतदाराचे अधिकार भरपूर वाचले, पण उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब कोणी शिकवला नाही. म्हणून या अंकात त्याविषयी थोडे लिहितो.

आधी मोठ्या निवडणुकीचे नियम पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे लोकसभा व विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च वेगळ्या वहीत लिहावा लागतो. निकालानंतर ३० दिवसांत हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. योग्य कारणाशिवाय तो दिला नाही तर निवडणूक आयोग ३ वर्षे निवडणूक लढवण्यास बंदी घालू शकतो. खर्चाला मर्यादाही आहे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकासारख्या मोठ्या राज्यांसाठी ती लोकसभेला ९५ लाख व विधानसभेला ४० लाख रुपये अशी ठरली. २०२३ साली औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदमधून विधानसभेला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ही ४० लाखांची मर्यादा लागू होती.

या नियमात एक मोठी फट आहे. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारावर कितीही खर्च केला तरी कायदा अडवत नाही. मोठ्या नेत्यांच्या प्रवासाचा खर्चही ठरावीक नियमांत बसला तर उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. पक्षाकडे हा पैसा कुठून येतो, हे मतदाराला कळावे की नाही यावरही मोठा वाद झाला. देणगीदाराचे नाव लोकांपासून गुप्त ठेवणारी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले.

आता आपल्या गावाकडे येऊ. पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. उमेदवार आयोगाने दिलेले चिन्ह घेऊन उभा राहतो. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत आपल्या बीदर जिल्ह्यात मतदान यंत्रे वापरली गेली, ती पुष्कळांना आठवत असतील. पक्ष नसल्यामुळे इथे हँडबिले, रिक्षा, भोंगा, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता हा सगळा खर्च उमेदवाराने स्वतःच करायचा असतो. पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. जागा राखीव झाली, पण पैसा राखीव नाही. मग घरात ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती निर्णय जातो.

सीमेपलीकडे उदगीर, देगलूर, उमरगा, अक्कलकोट या भागांत आपले सोयरे राहतात. तिथे ग्रामपंचायतीच्या खर्चालाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगाने ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदासाठी २५ हजार आणि थेट सरपंचपदासाठी ५० हजार रुपये ठरवले होते. २०२५ मध्ये तेथील स्थानिक निवडणुकांच्या मर्यादा वाढवण्यात आल्या. हिशेब न देणाऱ्याला आयोग ५ वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

नियम असूनही पैसा दुसऱ्या वाटेने येतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत जानेवारी २०२१ च्या निवडणुकीआधी पदांचा चक्क लिलाव झाला. उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांपर्यंत गेली आणि खोंडामळीत ४२ लाखांपर्यंत. पैसा मंदिराच्या कामाला जाणार, असे सांगितले गेले. आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. त्याच सुमारास कर्नाटकातूनही अशा लिलावांच्या बातम्या आल्या होत्या. "भांडण टळले, मंदिर झाले, वाईट काय?" असे पुष्कळ जण विचारतात. वाईट हे की, ज्याच्याकडे बोलीचे पैसे नाहीत त्याचा उभे राहण्याचा हक्क गेला आणि बाकी गावाचा मत देण्याचा हक्क गेला. शिवाय एवढी रक्कम मोजणारा ती कधीतरी वसूल करणारच. ती गावाच्या रस्त्यातून, नळातून आणि घरकुलातूनच वसूल होते.

मग सरकारनेच उमेदवाराला खर्च द्यावा काय? १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने हा विचार मांडला. रोख पैसे न देता वस्तू व सोयींच्या रूपाने मदत द्यावी, असे समितीचे म्हणणे होते. मात्र ती मदत मान्यताप्राप्त पक्षांनाच मिळणार होती, अपक्षांना नाही. ही योजना पूर्णपणे कधीच अमलात आली नाही. आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ व मतदार यादीची मोफत प्रत अशा काही सोयी आज आहेत, पण त्याही मान्यताप्राप्त पक्षांसाठी. पंचायतीच्या उमेदवाराला त्यांचा उपयोग नाही.

परदेशात स्थानिक निवडणुकीसाठीच असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या मतदारांनी २०१५ मध्ये एक योजना मंजूर केली आणि २०१७ च्या निवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. पालिका मतदाराला २५ डॉलरची ४ कुपने देते. तो ती आपल्या पसंतीच्या उमेदवाराला देतो. कुपने घेणाऱ्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाळावी लागते. म्हणजे उमेदवार श्रीमंताच्या दारी न जाता मतदाराच्या दारी जातो. अर्थात हा पैसा कराचाच असतो, म्हणून हिशेब कडक हवा. आपल्याकडे अशी सोय केव्हा येईल ती येवो, पण हिशेब पाहणे तर आजही आपल्या हातात आहे. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचा खर्च कोणीही नागरिक पाहू शकतो. मतासाठी पैसे देणे जसा गुन्हा, तसाच घेणेही गुन्हा आहे. त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पालकांनी ही गोष्ट घरी मुलांसमोर जरूर बोलावी.

शाळेपुरता आम्ही निर्णय घेतला आहे. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक उमेदवाराला ऑफिसातून २ कार्डशीट व एक स्केचपेनचा डबा मिळेल. त्यापलीकडे घरचा एक रुपयाही खर्च करायचा नाही. हा खर्च किती झाला ते सूचना फलकावर लिहिले जाईल. विश्वस्त मंडळींनी या किरकोळ खर्चास मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.

त्या मुलीने पुढच्या वर्षी उभे राहायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. पेनांच्या पैशापायी मात्र तिला थांबावे लागू नये.

आपला,
मुख्याध्यापक