नुकसान झालं, पण पुरावा कुठाय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका बिल्डिंगच्या साइटवर ट्रेनिंगला होते. पहिल्याच दिवशी साइट इंजिनिअर सरांनी माझ्या हातात एक जाडजूड रजिस्टर ठेवलं आणि म्हणाले, "रोजची डायरी आता तू लिहायची." मनात म्हटलं, झालं! जर्नल कम्प्लीट करणं इथेही सुटलं नाही.

एकदा बीमचं सुधारित ड्रॉइंग वेळेवर आलं नाही म्हणून तीन दिवस काम थांबलं. मी डायरीत लिहिलं, 'काम बंद'. सरांनी ते वाचलं आणि विचारलं, "अगं, कशामुळे बंद? ड्रॉइंग कधी मागितलं होतं? किती फिटर बसून होते? मिक्सर उभा होता का? उद्या भांडण झालं तर या दोन शब्दांवर आपल्याला एक रुपया तरी मिळेल का?"

तेव्हा जरा राग आला. पण नंतर या विषयावर वाचत गेले तेव्हा पटलं. नुकसान होणं वेगळं आणि ते सिद्ध करणं वेगळं.

आपल्याकडे या सगळ्याचा पाया म्हणजे १८७२ चा करार कायदा. त्याचं कलम ७३ सांगतं की करार मोडल्यामुळे जे नुकसान साहजिकच होतं, किंवा होऊ शकेल हे दोघांनाही करार करतानाच ठाऊक होतं, तेवढंच भरून मिळतं. दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही. शिवाय नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं हेही बघितलं जातं. म्हणजे उभं असलेलं मशीन दुसऱ्या साइटवर पाठवता येत होतं का, हा प्रश्न येणारच. कलम ५५ मधली एक गोष्ट तर बरेच जण विसरतात. समोरच्याने उशीर केला आणि तो तुम्ही निमूटपणे चालवून घेतला, तर नंतर भरपाई मागता येत नाही. 'आम्ही भरपाई मागणार आहोत' हे त्याच वेळी कळवावं लागतं. म्हणून ते कंटाळवाणं पत्र वेळेवर जायला हवं!

आता आकड्यांकडे येऊ. बसून राहिलेले मजूर, उभी मशिनरी, वाढलेले सिमेंट-स्टीलचे भाव, साइट ऑफिसचा जादा महिन्यांचा खर्च, हे सगळं मस्टर, लॉगबुक आणि बिलांवरून दाखवता येतं. अवघड असतो तो हेड ऑफिसचा खर्च आणि बुडालेला नफा. त्यासाठी सूत्रं आहेत आणि त्यातलं प्रसिद्ध म्हणजे हडसनचं. समजा ठेका १२ कोटींचा, मुदत २४ महिने, हेड ऑफिस खर्च आणि नफा मिळून १० टक्के धरलेले आणि उशीर झाला ६ महिने. दर महिन्याचं काम झालं ५० लाखांचं, त्याचे १० टक्के म्हणजे ५ लाख, गुणिले ६. उत्तर ३० लाख. व्हायवात विचारलं तर फुल मार्क्स!

पण थांबा. मेस आठ दिवस बंद होती, आणि तुम्ही म्हणालात, "मी बाहेर जेवलो, रोजचे शंभर धरून आठशे द्या." हिशेब बरोबर आहे. पण त्या आठ दिवसांत तुम्ही मावशीकडे जेवत असलात तर? हडसनचं सूत्र हेच गृहीत धरतं की उशीर झाला नसता तर कॉन्ट्रॅक्टरला दुसरीकडे तितक्याच नफ्याचं काम मिळालंच असतं. ते खरंच मिळालं असतं का, हे सूत्र सांगत नाही.

युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ या खटल्यात नेमकं हेच झालं. दिल्लीतल्या दूरदर्शन भवनाचं काम तीन वर्षांहून जास्त लांबलं. दोष कॉन्ट्रॅक्टरचा नव्हता. लवादाने हडसन सूत्र लावून बुडालेल्या नफ्यापोटी सुमारे १ कोटी ४४ लाख रुपये मंजूर केले. हायकोर्टाने ते रद्द केले आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. सूत्र आहे, पण पुरावा नाही! कसला पुरावा चालला असता, तेही कोर्टाने सांगितलं. हातात येऊ घातलेली दुसरी कामं, या कामात अडकल्यामुळे सोडून दिलेली टेंडरं, कंपनीचे ताळेबंद, अशी त्या-त्या वेळची कागदपत्रं.

म्हणजे कोर्ट नेहमीच पैशापैशाचा हिशेब मागतं असं नाही. १९८४ च्या ब्रिज पाल सिंग विरुद्ध गुजरात सरकार या निकालात सरकारने करार मोडला होता. तिथे उरलेल्या कामावर १५ टक्के नफा धरला गेला आणि बारीक तपशिलाचा आग्रह धरला नाही. पण तिथे प्रश्न हातातल्याच कामाच्या नफ्याचा होता. उशिरामुळे दुसरीकडचा नफा बुडाला असं म्हणायचं असेल, तर ते 'दुसरीकडचं' दाखवायला नको का?

मोठ्या कंपन्यांकडे हे सगळं सांभाळायला वेगळी माणसं असतात. मार बसतो तो छोट्या कॉन्ट्रॅक्टरला. त्याचं नुकसान खरं असतं, त्याने मजुरांना खिशातून पैसे दिलेले असतात, पण सही मात्र कुठेच घेतलेली नसते.

तेव्हा सिव्हिलवाल्या मित्रमैत्रिणींनो, साइटवर डायरी हातात आली तर तोंड वाकडं करू नका. तारीख, कारण, किती माणसं, कुठलं मशीन, किती तास, कोणाला कळवलं, एवढं त्याच दिवशी लिहा आणि समोरच्या इंजिनिअरची सही घ्या. माझ्या त्या 'काम बंद'खाली सरांनी माझ्याकडून आणखी सात ओळी लिहून घेतल्या. ट्रेनिंगच्या पूर्ण महिन्यात मी लिहिलेलं सगळ्यात महाग पान बहुधा तेच असेल.