स्थावर संपदा कंपन्यांतील पारदर्शक सुशासन व शाश्वतता धोरण

सदनिका बहुधा बांधून पूर्ण होण्यापूर्वीच विकली जाते. ग्राहक पैसा आधी देतो आणि घर काही वर्षांनी हाती येते. त्यामुळे या व्यवसायात माहितीचे पारडे मुळातच विकासकाकडे झुकलेले असते. येथील सुशासनाचा विचार या विषमतेपासूनच सुरू करावा लागतो.

या विषमतेवरील सर्वांत परिणामकारक उपाय कंपनी कायद्याने नव्हे, तर स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 ने केला, असे म्हणता येईल. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. ती केवळ जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी आणि कामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच काढता येते. त्यासाठी अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत गुंतविण्याच्या प्रथेस लगाम घालणे, हा या तरतुदीचा गाभा होय. महाराष्ट्रात महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती दर तिमाहीस अद्ययावत करावी लागते.

कंपनीच्या पातळीवरील धोका निराळा असतो. डिसेंबर 2008 मध्ये सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी निगडित मेटास प्रॉपर्टीज व मेटास इन्फ्रा या कंपन्यांच्या खरेदीचा प्रस्ताव संमत केला. (इंग्रजीत ‘सत्यम’ची अक्षरे उलट लिहिली की ‘मेटास’ होते!) गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे तो लगेच मागे घेण्यात आला आणि 7 जानेवारी 2009 रोजी हिशेबांतील गैरव्यवहार उघड झाला. मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक असतानाही हा प्रस्ताव संमत व्हावा, ही बाब अधिक बोलकी आहे. पुढे कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 188 ने संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार अधिक व्यापक चौकटीत आणले.

शाश्वततेच्या बाबतीत सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यात ऊर्जा, पाणी, कचरा व हरितगृह वायूंचे उत्सर्जन यांची आकडेवारी द्यावी लागते. तथापि, बांधकाम करणाऱ्या असंख्य भागीदारी संस्था या कक्षेबाहेरच राहतात. शिवाय सिमेंट व पोलाद यांच्या निर्मितीतील उत्सर्जन मूल्यसाखळीत मोडते, आणि मूळ नमुन्यात त्याचे प्रकटीकरण ऐच्छिक गटात ठेवले आहे. स्थावर संपदा कंपनीपुरते पाहता, मुख्य भारच मोजणीतून निसटण्याचा हा प्रकार होय.

दुसरी उणीव पातळीची आहे. शाश्वतता अहवाल कंपनीचा असतो, रहिवासी मात्र एका विशिष्ट प्रकल्पात राहतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र किंवा पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था माहितीपत्रकात झळकते, आणि हस्तांतरणानंतर तिचा खर्च सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या माथी येतो. 2016 च्या अधिनियमातील कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेले संरचनात्मक दोष, तसेच कारागिरी, दर्जा वा सेवांच्या तरतुदीतील दोष प्रवर्तकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. ‘सेवा’ या शब्दाच्या कक्षेत अशी केंद्रे आणता येतील. मात्र केंद्राची क्षमता, विजेचा वापर व पाण्याच्या चाचणीचे निष्कर्ष हस्तांतरणाच्या वेळी लेखी नोंदविलेले नसतील, तर दोष मुळातला की देखभालीतला, हे सिद्ध करणे संस्थेस अवघड जाते.