टर्बोच्या मापाचा जमाखर्च

मोटारीच्या लहान इंजिनास टर्बो असावा की नसावा, हा वाद आता जवळजवळ निकालात निघाला आहे, कारण बाराशे-चौदाशे घन सेंटिमीटरच्या इंजिनाकडून पूर्वी दोन लिटरच्या इंजिनाने करावे तेवढे काम करवून घेण्याची तजवीज कारखान्यांनीच करून ठेविली आहे. परंतु हौशी मालक जेव्हा कारखान्याचा टर्बो उतरवून त्या जागी दुसरा चढविण्याचे मनात आणतो, तेव्हा तो कोणत्या मापाचा असावा याचे उत्तर बहुधा उलट्या टोकाकडून शोधू लागतो. किती अश्वशक्ती मिळेल हे तो प्रथम विचारतो. ती किती आरपीएमवर मिळेल, आणि त्या आरपीएमवर आपली गाडी एरवी कितीशी असते, हे विचारण्याचे त्यास सुचत नाही. या क्षेत्रातील बहुतेक सारे घोटाळे, आमच्या मते, या न विचारलेल्या प्रश्नातूनच उद्भवतात.

यंत्र तसे साधे आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्याचे पेटंट घेतले ती कल्पना एवढीच, की सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चाक फिरवावे आणि त्याच आसाच्या दुसऱ्या टोकावरील चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी. पहिले चाक टर्बाइनचे, दुसरे कॉम्प्रेसरचे. मधला आस तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि लहान टर्बोत मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. मेख आहे ती वेळेची. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की हवा तत्क्षणी हवी असते, पण ती पुरविणारे चाक ज्या वायूंवर फिरावयाचे ते वायू जास्त इंधन जळाल्यावाचून निर्माण होत नाहीत, आणि जास्त इंधन जास्त हवेवाचून जळत नाही. या अन्योन्याश्रयातून जो विलंब उत्पन्न होतो त्यालाच लॅग म्हणतात, आणि तो सुसह्य होणार की असह्य, हे मुख्यतः टर्बोच्या मापावर ठरते.

याचा इतिहासातील उत्तम दाखला एकाच शहरातील दोन प्रदर्शनांत सापडतो. १९७३ साली फ्रांकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' मांडली: १९९० घन सेंटिमीटरचे इंजिन, १७० अश्वशक्ती, आणि पुढच्या गाडीच्या आरशात सुलट वाचता यावीत म्हणून बंपरखाली उलटी रंगविलेली 'टर्बो' ही अक्षरे. गाडी वेगवान होती यात शंका नाही. मात्र तिचे सारे बळ वरच्या फेऱ्यांत एकवटलेले होते, कमाल टॉर्क ४००० आरपीएमला येई, आणि तोवर ६.९ एवढ्या अल्प कॉम्प्रेशनचे ते इंजिन अगदीच निर्जीव वाटे, आणि पुढे एकदम जागे होई ते अनेकदा वळणाच्या ऐन मध्यावर. त्यातच तेलटंचाईचे संकट कोसळले आणि १६७२ गाड्या निघून हा प्रयोग आटोपला. चारच वर्षांनी त्याच प्रदर्शनात साबने आपली '९९ टर्बो' आणली. इंजिन १९८५ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ तेवढेच; पण साबच्या इंजिन विभागातील पेर यिलब्रांद आणि त्यांचे सहकारी यांनी जाणूनबुजून लहान टर्बो निवडला, आणि वरच्या फेऱ्यांत तो अनावर होऊ नये म्हणून जादा वायू परस्पर बाहेर सोडणारी वेस्टगेट नावाची झडप त्याच्या दिमतीस दिली. अश्वशक्ती १४५ वरच थांबली. कागदावर पाहता ही माघारच होती. परंतु २३५ न्यूटन-मीटरचा टॉर्क ३००० आरपीएमलाच हाती येऊ लागला, आणि टर्बो हे रोजच्या वापरातील गाडीस शोभणारे यंत्र आहे, हे त्या माघारीने प्रथम सिद्ध केले. कारखान्याच्या अभियंत्याने पंचवीस अश्वशक्ती स्वखुशीने सोडून द्यावी, याला लागणारे धैर्य हौशी मालकाजवळ क्वचितच असते.

आता आपल्या परिचयाचे इंजिन घेऊ. फियाटचे १.४ टी-जेट हे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्यांत आपल्याकडे आले. लिनिआमध्ये ११४ अश्वशक्तीचे आणि २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोमध्ये १४५ अश्वशक्तीचे. ७२ मिलिमीटर बोअर, ८४ मिलिमीटर स्ट्रोक, एकूण १३६८ घन सेंटिमीटर. समजा, मालकाने १६० अश्वशक्तीची इच्छा धरली. हिशेब पेट्रोलपासून सुरू करावा. पूर्ण भारावर चालणारे टर्बो इंजिन दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे पाव किलो पेट्रोल जाळते, म्हणजे १६० अश्वशक्तीला ताशी ४० किलो. त्या वेळी मिश्रण थोडे गडद ठेवावे लागते, सबब एका किलो पेट्रोलास बारा किलो हवा धरली तर ताशी ४८० किलो, अर्थात मिनिटाला आठ किलो हवा हवी. हे झाले मागणीचे कलम.

पुरवठ्याचे कलम असे. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते. ६००० आरपीएमला ते मिनिटातून तीन हजार वेळा भरेल, आणि प्रत्येक वेळी पूर्ण न भरता नव्वद टक्के भरते असे मानले तर सुमारे ३७०० लिटर हवा आत जाईल. एवढ्या जागेत आठ किलो हवा बसवावयाची तर तिची घनता दर घनमीटरला २.१६ किलो पाहिजे. बाहेरच्या हवेची ती जेमतेम १.१६ असते. इंटरकूलरमधून पन्नास अंशांवर निघणाऱ्या हवेस एवढी घनता येण्याकरिता तिचा दाब सुमारे दोन बार असावा लागतो, म्हणजे गॅरेजमध्ये ज्यास 'एक बार बूस्ट' म्हणतात तो. वाटेत एअर फिल्टर आणि इंटरकूलर आपापला वाटा कापून घेतात, ती तूट धरता कॉम्प्रेसरने आत घेतलेल्या हवेचा दाब २.१ ते २.२ पट केला पाहिजे. आठ किलो आणि २.१५ पट हे दोन आकडे हाती आले की मोठे काम झाले. यापुढे कोणत्याही टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप समोर ठेवून तो बिंदू कोठे पडतो एवढेच पाहावयाचे.

या मॅपवर आडव्या रेषेत हवेचे वजन, उभ्या रेषेत दाबाचे प्रमाण आणि मध्ये कार्यक्षमतेची बंद वलये असतात. बिंदू सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वलयात पडणे इष्ट, आणि हे केवळ नीटनेटकेपणासाठी नव्हे. पस्तीस अंशांची हवा २.१५ पट दाबली असता पंचाहत्तर टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १३५ अंशांवर बाहेर पडते. कार्यक्षमता साठ टक्क्यांवर घसरली तर तीच हवा १६० अंशांवर निघते. पंचवीस अंशांचा हा भुर्दंड इंटरकूलर पुरता फेडू शकत नाही. उरलेली उष्णता सिलिंडरात जाऊन नॉकिंगला आमंत्रण देते, आणि टी-जेटचे कॉम्प्रेशन ९.८ असल्याने तेथे दयामाया नसते. ईसीयू मग स्पार्क मागे घेतो, आणि मोठ्या बूस्टने कमावलेले बळ असे हळूच परत जाते.

मॅपची डावी हद्द तेवढीच महत्त्वाची. तेथे सर्जरेषा असते. तिच्या पलीकडे हवा थोडी आणि दाब मोठा, अशी अवस्था होऊन दाबलेली हवा चाकाच्या पात्यांवरून उलट फिरते. आपले इंजिन २५०० आरपीएमला पूर्ण बूस्ट मिळाला तरी मिनिटाला सव्वातीन किलोच्या आसपास हवा पचवील. ज्या टर्बोची सर्जरेषा त्या दाबाला चार किलोंवर आहे, तो या इंजिनास खालच्या फेऱ्यांत निरुपयोगी होय, मग त्याची उजवी हद्द कितीही दूर असो. ॲक्सिलरेटर सोडताच टर्बोतून जो फडफडाट ऐकू येतो तो याच सर्जचा भाऊबंद. तरुण मंडळी तो कौतुकाने एकमेकांस ऐकवितात, बिचाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला त्याचे काय वाटते हे कोणी विचारीत नाही.

मोठा टर्बो उशिरा का जागा होतो, याचे उत्तर भूमितीत आहे. इटलीतील अबार्थ ५९५ कॉम्पेतित्सिओने या गाडीत याच १३६८ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर गॅरेट १४४६ हा टर्बो बसवून १८० अश्वशक्ती काढली होती; त्या नावातील शेवटचे ४६ म्हणजे कॉम्प्रेसरच्या चाकाचा मिलिमीटरमधील व्यास. आपल्याकडील हौशी मंडळींत ज्याचे नाव आदराने घेतले जाते त्या गॅरेट २८६० चे चाक ६० मिलिमीटरचे आहे. चौदा मिलिमीटर! तळहातावर दोन्ही चाके ठेवली तर फरक डोळ्यांत भरेल असाही नाही. पण आकार तोच ठेवून व्यास वाढविला की हवेची क्षमता व्यासाच्या वर्गाने वाढते, आणि चाकाचे जडत्व मात्र पाचव्या घाताने. म्हणजे ४६ वरून ६० वर जाताना हवा पावणेदोन पटीहूनही किंचित कमी वाढते, आणि फिरवावयाचे ओझे होते पावणेचार पट. मोठे जाते दळण जास्त देते हे खरे, पण पहिल्या फेऱ्याला दोघींचे हात लागतात. त्यातही खरे ओझे असते टर्बाइनच्या बाजूचे, कारण कॉम्प्रेसरचे चाक ॲल्युमिनियमचे, तर टर्बाइनचे लालबुंद उष्णता सोसणाऱ्या जड निकेल मिश्रधातूचे.

टर्बाइनच्या घरासही त्याचे स्वतंत्र माप असते, ज्यास सर्वजण 'ए बाय आर' म्हणतात: वायूंच्या मार्गाचे क्षेत्रफळ भागिले त्या मार्गाचे आसापासूनचे अंतर. २८ मालिकेत ०.६४ आणि ०.८६ अशी घरे मिळतात. लहान आकडा म्हणजे अरुंद वाट, वेगवान झोत आणि लवकर जाग. परंतु वरच्या फेऱ्यांत तीच वाट वायूंना अडविते, सिलिंडरात जळका वायू मागे रेंगाळतो आणि पुन्हा नॉकिंगचेच प्रकरण उपस्थित होते. ज्यास एकच टर्बो घेऊन प्रयोग करावयाचा आहे, त्याने कॉम्प्रेसरपेक्षा या घराच्या बदलावर अधिक विचार खर्चावा. कारण खर्च कमी आणि गाडीच्या स्वभावात पडणारा फरक मोठा.

आतापर्यंतच्या विवेचनावरून टर्बो जितका लहान तितका बरा, असे कोणास वाटेल, तर तेही खरे नव्हे. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरास गेलेली गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरांवर असते, आणि तेथील हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. इंजिनाला तेच दोन बार द्यावयाचे तर कॉम्प्रेसरला आता २.१५ ऐवजी अडीच पट दाब निर्माण करावा लागतो. त्यासाठी चाक अधिक वेगाने फिरते, आणि जो लहान टर्बो मुंबईत आपल्या हद्दीच्या आत होता तो येथे मॅपच्या वरच्या काठावर जाऊन पोहोचतो. कारखान्याचा ईसीयू अशा ठिकाणी मुकाट्याने बूस्ट कमी करतो. बाहेरून रिमॅप केलेल्या गाडीत ही मर्यादा काढून टाकलेली असेल, तर आसाच्या फेऱ्यांवर कोणाचाच अंमल राहत नाही. सबब १६० अश्वशक्तीसाठी निवडलेल्या टर्बोची क्षमता आठ किलोंवर बरोबर संपणारी नसावी. नऊ-साडेनऊ किलोंपर्यंत पोहोचणारा घ्यावा, बाराचा नको. टी-जेटपुरते बोलावयाचे तर ४६ मिलिमीटरचे चाक या हिशेबात बसते, आणि १४५ अश्वशक्तीत ज्याचे समाधान आहे त्याने मूळचा टर्बो उतरवूच नये.

सरकारदरबारची बाजूही लक्षात घेणे भाग आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ हे नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका उचलून धरली. विमा कंपनीस न कळविता केलेला बदल तर दाव्याच्या दिवशीच नेमका तिच्या दृष्टीस पडतो.

बंदिस्त ट्रॅकवर मात्र सारा हिशेब पालटतो. कोइम्बतूरजवळच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईबाहेरच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर उतरणाऱ्या गाडीचे इंजिन, चालक गिअर नीट राखीत असेल तर, ४००० आरपीएमच्या खाली फारसे येतच नाही. तेथे २५०० आरपीएमच्या टॉर्कचा विचार करणे व्यर्थ, आणि पन्नास-बावन्न मिलिमीटरचे चाक व प्रशस्त घर ही चैन नसून योग्य निवड ठरते. तेवढी हवा आत घ्यावयाची तर मोठे इंजेक्टर, दणकट क्लच आणि फोर्ज केलेले पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांची किंमत टर्बोच्या किमतीआधी मांडावी लागते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती यादी पाहूनच मोठ्या टर्बोचा बेत तहकूब होतो.