लेकरू चालायला कसे शिकते?

"शेजारणीच्या पोराला पाऊल फुटले. आमचे अजून रांगतेच. मठ्ठ निघाले की काय?" असे पुष्कळ आया विचारतात. पण बायांनो, मूल काय शिकते नि केव्हा शिकते, हे बरेचसे घरावर असते.

आफ्रिकेत केनिया देश आहे. तिथे किप्सिगिस नावाचे शेतकरी लोक राहतात. चार्ल्स सुपर या अभ्यासकाने त्यांची मुले पाहिली आणि १९७६ साली ते लिहून काढले. तिथली आई पाच-सहा महिन्यांच्या मुलाला जमिनीतल्या लहान खड्ड्यात बसवते. भोवती कांबळे गुंडाळून टेकू देते. पुढे हात धरून चालवते. म्हणून ही मुले अमेरिकेतल्या मुलांपेक्षा महिनाभर आधी बसतात, आधी चालतात. रांगतात मात्र आधी नाही. का? रांगायला त्यांना कोणी शिकवतच नाही!

मध्य आफ्रिकेच्या रानातले आका लोक शिकार करतात, कंद खणतात. ते वर्षाच्या पोराच्या हाती खणायची लहान काठी देतात, छोटी कुऱ्हाडही देतात. ऐकून छातीत धस्स होते, नाही का? आपल्या वाडीवरच्या पोराला जिना ठाऊक नसतो. पण दोन वर्षांचे पोर कोंबड्यांना दाणे टाकते.

आता मुलगा-मुलगीचे पाहा. न्यूयॉर्क शहरात अकरा महिन्यांच्या मुलांना उतरत्या फळीवरून रांगायला लावले. आधी आयांना विचारले, "तुमचे मूल किती उतार उतरेल?" मुलांच्या आयांनी जास्त सांगितले, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलगे नि मुली सारखेच निघाले. हे २००० साली छापून आले.

आपल्याकडे काय होते? मुलगा बैलगाडीवर चढला, की "वाघ आहे माझा!" मुलगी चढली, की "उतर, पडशील!" तिच्या हाती केरसुणी येते. तिचे हात चालू लागतात, पाय अडतात. मुलाला स्वतःचे ताट उचलायला कोणी सांगत नाही. मोठेपणी तोच म्हणतो, "हे बायकांचे काम." मला तर याचा रागच येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुले तपासली. त्यांत आपल्या दिल्लीचीही होती. २००६ साली आकडे आले. धडधाकट मुले साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान एकटी चालू लागतात. एवढा फरक चालतो. पण अठरा महिने झाले नि मूल चालत नसेल, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. अंगणवाडीच्या ताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा. मान केव्हा धरली, बसले केव्हा, तेही आठवून सांगा.